‘नाटकं करू नकोस’: एका ओलीस-प्रसंगाचा प्रकरण अभ्यास

आम्ही तिघे मिळून एक मराठी रोलप्ले सर्व्हर चालवतो, म्हणजे असे ऑनलाइन शहर जिथे प्रत्येक खेळाडू एक पात्र घेऊन त्याच्यासारखा वागतो-बोलतो. एक जण कोथरूडला राहतो, दुसरा धनकवडीला आणि मी सदाशिव पेठेत. जीटीए ५ हा रॉकस्टार या कंपनीचा व्हिडिओ खेळ २०१३ मध्ये आला आणि २०१५ मध्ये संगणकावर पोहोचला. त्यावर फाइव्हएम नावाची व्यवस्था बसवली की कोणालाही आपले शहर आपल्या नियमांनी चालवता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये रॉकस्टारने ही व्यवस्था बनवणाऱ्या चमूलाच आपल्यात सामील करून घेतले, तेव्हापासून ‘हे चालतं का’ असे कोणी विचारत नाही. आमच्या शहरात एका वेळी ४८ जण मावतात. नकाशा खेळातल्या लॉस सँटॉस या काल्पनिक शहराचा असला तरी बोलीत लिजन स्क्वेअरला मंडई, रॉकफर्ड हिल्समधल्या दागिन्यांच्या दुकानाभोवतीच्या भागाला लक्ष्मी रस्ता आणि सायप्रस फ्लॅट्समधल्या गोदामांना भोसरी म्हणतात. समुद्रकिनाऱ्याला मात्र कोणी पुणेरी नाव देऊ शकलेले नाही.

पुढील प्रसंग गेल्या जुलैतल्या एका शुक्रवारी रात्री घडला. त्यात सापडलेल्यांची खरी नावे तर नाहीतच, पण पात्रांची नावेही येथे दिलेली नाहीत. आमच्या वर्तुळात ती नावे माणसांइतकीच ओळखीची आहेत. म्हणून प्रत्येकाला त्याच्या पात्राच्या धंद्यावरून ओळखू. शेठाणी म्हणजे सराफी पेढी चालवणारे पात्र, जे तिशीतली एक नोकरदार बाई खेळते. टेम्पोवाला म्हणजे दरोडेखोर, जो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला मुलगा खेळतो. त्याच्याबरोबर एक साथीदार होता. चौथा म्हणजे मंडईत चहाची टपरी चालवणारा चहावाला. हे गृहस्थ पन्नाशीचे आहेत आणि सर्व्हरवर सगळे त्यांना खेळात व खेळाबाहेरही काका म्हणतात.

प्रसंग सांगण्याआधी आमची नियमावली कशी होती हे सांगणे भाग आहे, कारण प्रसंगाचा निम्मा दोष तिथे आहे. ती आम्ही मोठ्या हौसेने पुणेरी पाट्यांच्या थाटात लिहिली होती. ‘सर्व्हर दुपारी १ ते ४ बंद. विचारल्यास संध्याकाळीही बंद ठेवण्यात येईल.’ यावर लोक हसत आणि ते आमच्या पथ्यावरच पडे. पण त्याच थाटात पुढचेही नियम होते. ‘सीन चालू असताना खेळाबाहेरचे बोलणाऱ्यास इशारा. तीन इशाऱ्यांनंतर नमस्कार.’ ‘सीन अर्धवट सोडून जाणाऱ्यास पुन्हा आत घेण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही.’ ‘कपाळावर बंदूक असता शौर्य दाखवू नये.’ शेवटचा नियम रोलप्लेमध्ये सगळीकडे असतो. पात्राला स्वतःच्या जिवाची किंमत असली पाहिजे, म्हणजे समोर शस्त्र असेल तर खेळाडूने ‘मरू दे, पुन्हा जन्म घेईन’ असा विचार न करता मुकाट्याने हात वर करावेत. या तीन पाट्या एका माणसावर एकाच वेळी लागू झाल्या तर काय होईल, याचा विचार आम्ही केलेला नव्हता. पाटीला खाली ‘अपवाद’ लिहायला जागा नसते.

प्रसंगाचा क्रम नोंदी आणि चित्रफितींवरून असा लागतो. रात्री १०.४० ला सराफी पेढीवर दरोडा पडला. १०.५२ ला शेठाणीला ओलीस धरून टेम्पोत घालून भोसरीला नेण्यात आले. इथपर्यंतचा सीन उत्तम होता. टेम्पोवाल्याने वाटेत सिग्नलला गाडी थांबवून ‘शेठाणी, पट्टा लावा, मामा उभे आहेत’ असे म्हटलेले मला आजही आवडते. मग वाटाघाटी सुरू व्हायला हव्या होत्या. परंतु ओलिसाच्या सीनसाठी किमान चार पोलीस कामावर असावेत असा आमचा दंडक असून त्या वेळी दोनच होते, आणि तिसरा व चौथा जेवून येतो असे सांगून गेले होते. त्यामुळे गोदामात तिघे जण नुसते बसून राहिले. रिकामा वेळ भरण्यासाठी दोघा दरोडेखोरांनी शेठाणीला तिजोरीच्या क्रमांकाबद्दल विचारायला सुरुवात केली.

११.१९ ला शेठाणी म्हणाली, ‘पुरे आता, सोडा ना दादा.’ टेम्पोवाला हसला. ओलीस दुसरे काय म्हणणार?

११.२६ ला ती म्हणाली, ‘अरे, मला खरंच जायचंय.’ चित्रफितीत या वाक्यानंतर दोन सेकंदांची शांतता आहे. मग टेम्पोवाला म्हणतो, ‘खरंच काय खरंच? नाटकं करू नकोस, शेठाणी.’

हे वाक्य चौकशीत आम्ही बहुधा दहा वेळा ऐकले असेल. जो मुलगा स्वतः नाटक करत होता, त्याने नाटकातून बाहेर पडू पाहणाऱ्या बाईला ‘नाटकं करू नकोस’ असे सांगितले, आणि तेही अगदी पात्राला शोभेल अशा सुरात. पहिल्यांदा ऐकताना आमच्यापैकी एकाला हसू आले. तिसऱ्यांदा कोणाला आले नाही.

११.२९ ला टेम्पोवाला म्हणाला, ‘बाप दवाखान्यात आहे ना तुझा? बिल भरायला तू जिवंत लागशील की नाही? मग मुकाट्यानं नंबर सांग.’ त्यानंतर शेठाणीचा माइक बंद झाला. ११.३३ ला ती सर्व्हरवरून बाहेर पडली. सीनच्या मध्यात बाहेर पडणाऱ्याला आपोआप २४ तासांची बंदी घालणारी स्क्रिप्ट मी स्वतः लिहिली होती, आणि तिने आपले काम त्याच मिनिटाला चोख केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे तिकीट, म्हणजे आम्हा चालकांकडे लेखी अर्ज, आले. त्यात तीनच वाक्ये होती: ‘माझ्यावरील बंदी उठवावी ही विनंती. सीन चालू असताना मी निघून गेले हे खरे आहे. कारण सांगण्याची माझी इच्छा नाही.’ तक्रार नव्हतीच. ती तक्रार आहे हे चहावाल्यांनी आम्हाला फोन करून सांगितले तेव्हा कळले. शेठाणी खेळणाऱ्या बाईंचे वडील त्या आठवड्यात खरोखर रुग्णालयात होते, आणि ११.१५ च्या सुमारास त्यांना भावाचा फोन येऊन गेला होता.

येथे पहिला प्रश्न उभा राहिला तो मेटागेमिंगचा. पात्राला ठाऊक असूच शकत नाही अशी, खेळाडूने बाहेरून मिळवलेली माहिती खेळात वापरणे म्हणजे मेटागेमिंग, आणि रोलप्लेच्या शिष्टाचारात याइतके निंद्य फार थोडे मानले जाते. बाईंनी डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरील आमच्या गटात मंगळवारी ‘बाबा आयसीयूत आहेत, या आठवड्यात कमी येईन’ असे लिहिले होते. टेम्पोवाला तो गट वाचतो. म्हणजे त्याने खेळाबाहेरचे दुःख खेळात आणून फटका मारला, असा आमचा पहिला समज झाला आणि कायमची बंदी घालायची यावर दोघांचे जवळजवळ एकमत झाले.

रविवारी सकाळी टिळक रस्त्यावरच्या एका अमृततुल्यमध्ये आम्ही त्याला भेटलो. तो नियमावली छापून घेऊन आला होता आणि पिवळ्या शाईने ओळी अधोरेखित केलेल्या होत्या. त्याने शांतपणे आपल्या मोबाइलवर त्याच मंगळवार रात्रीची एक चित्रफीत दाखवली. मंडईतल्या टपरीवर शेठाणी चहावाल्याशी बोलते आहे आणि म्हणते, ‘बाबांना दवाखान्यात ठेवलंय हो काका. तीन दिवस झाले.’ टेम्पोवाला बाजूलाच कटिंग घेऊन उभा आहे. म्हणजे ही माहिती त्याच्या पात्राला खेळातच, कानाने ऐकून मिळाली होती. शेठाणीच्या पात्राची पार्श्वभूमीच ‘वडिलांची पेढी सांभाळणारी मुलगी’ अशी असल्यामुळे पात्राचा बाप आजारी असणे कथेत चपखल बसत होते. एखाद्या दरोडेखोराने ओलिसाविषयी ऐकलेली गोष्ट तिच्याविरुद्ध वापरणे यात नियमाने गैर काही नाही. खलनायकाचा संवाद म्हणून तर ते वाक्य चांगलेच आहे. ‘मी पुस्तकाप्रमाणे खेळलो,’ असे तो म्हणाला. पुस्तक आम्ही लिहिलेले असल्याने यावर तत्काळ उत्तर नव्हते.

बाईंना नंतर विचारले तेव्हा त्या म्हणाल्या की टपरीवर ते वाक्य कोण बोलले हे त्यांनाही नक्की सांगता येणार नाही. दिवसभर घरी आणि ऑफिसात कोणापाशी बोलता आले नव्हते. पात्राच्या तोंडून बोलणे सोपे गेले. खेळाडूच्या भावना पात्रात आणि पात्राच्या खेळाडूत झिरपतात, याला रोलप्लेच्या अभ्यासकांमध्ये ‘ब्लीड’ म्हणतात, आणि ती काही विकृती समजली जात नाही. पुष्कळजण त्यासाठीच खेळतात. पण झिरपलेली गोष्ट एकदा पात्राच्या तोंडून बाहेर पडली की ती सगळ्यांच्या कथेची होते. तिथे कुंपण कोणी घालायचे हा प्रश्न उरतो.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा गोदामातला नसून टपरीवरचा आहे. तेच वाक्य दोघांनी ऐकले होते. टेम्पोवाल्याने ते पात्राच्या खिशात टाकून ठेवले. चहावाल्यांनी पात्रात राहून ‘देव बरं करेल, आज पैसे नको’ एवढे म्हटले, आणि सीन संपल्यावर खासगी संदेश पाठवला: ‘बाबांचं खरं आहे का? असेल तर खेळात मी तो विषय काढणार नाही.’ काकांनी कोणतीही नियमावली वाचलेली नाही. वाचायला सांगितल्यावर ‘चष्मा सापडला की वाचतो’ असे उत्तर ते दीड वर्ष देत आले आहेत.

दुसरा प्रश्न असा की बाईंनी स्पष्टपणे थांबायला का सांगितले नाही. लिहायला चॅट होती. आमच्याकडे पात्राची कृती लिहिण्यासाठी ‘मी’ ही आज्ञा आहे (इंग्रजीतून आलेली असून मराठीतही तोच अर्थ देणारी, असा योग क्वचितच येतो) आणि आजूबाजूची स्थिती मांडण्यासाठी ‘डू’ ही. खेळाबाहेरचे बोलण्यासाठी वेगळी ओळ आहे. पण मे महिन्यात त्याच ओळीवर ‘दोन मिनिटं, कुकर बंद करून येते’ असे लिहिल्याबद्दल त्यांना इशारा मिळाला होता. तोही नियमाप्रमाणेच होता आणि तोही मीच दिला होता. म्हणजे बोलावे तर इशारा, निघावे तर बंदी, आणि पळावे तर कपाळावर बंदूक. उरला फक्त पात्राचा आवाज, आणि पात्राच्या आवाजात दिलेला नकार हा अभिनयाचाच भाग ठरत होता. ओलीस ‘सोडा’ म्हणणारच, खेळाडू ‘सोडा’ कसे म्हणणार, याची सोय आमच्या शहरात नव्हती. मोटारी चालवायला परवाना लागत होता, मासेमारीलासुद्धा लागत होता. नकार द्यायला मात्र खिडकीच नव्हती.

आम्ही काही हा प्रश्न पहिल्यांदा सोडवायला बसलो नव्हतो. १९९३ मध्ये लॅम्डामू या निव्वळ मजकुरावर चालणाऱ्या आभासी जगात एका सदस्याने असा प्रोग्राम वापरला की इतरांची पात्रे त्यांच्या इच्छेविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या वर्णनात ओढली गेली आणि ते सर्वांच्या पडद्यावर उमटत राहिले. झेरॉक्सच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात पाव्हेल कर्टिस यांनी उभारलेल्या त्या जगात चालकांनी सामाजिक तंट्यांत पडायचे नाही असे धोरण तोवर होते. या प्रकारानंतर सदस्यांना अर्ज आणि मतदानाने नियम ठरवता येतील अशी पद्धत त्यांना आणावी लागली. आमचे प्रकरण त्या मानाने सौम्य आहे आणि टेम्पोवाल्याने कोणाच्या पात्राचा ताबा घेतला नव्हता. तरीही ‘हे सारे पात्रांचेच झाले, माणसाचे काही गेले नाही’ हा बचाव तेव्हाही टिकला नव्हता, हे माहीत असून आम्ही विसरलो होतो.

निर्णय दोन विरुद्ध एक असा झाला. बाईंची बंदी रद्द करून नोंदही पुसली; यावर मतभेद नव्हता. साथीदार बारावीत असल्याचे चौकशीत उघड झाले. या खेळाला युरोपात १८ वर्षांवरील वर्गवारी आहे आणि आमचीही तीच अट आहे, म्हणून त्याला निरोप दिला. टेम्पोवाल्यावर मेटागेमिंग सिद्ध झाले नाही. मात्र ‘खरंच’ हा शब्द कानावर पडल्यानंतर त्याने एकदाही विचारपूस केली नाही, या कारणासाठी दोन आठवडे ओलिसांचे सीन करण्यास त्याला मनाई केली. धनकवडीच्या सहकाऱ्याचे मत वेगळे होते: जो नियम लिहिलेलाच नाही तो मोडल्याबद्दल शिक्षा देता येत नाही, आणि लिहिला नाही तो आपण. मी तेव्हा मनाईच्या बाजूने मत दिले. आज मला वाटते की शिक्षेपुरता तो बरोबर होता. मुलाने काही चूक केली नाही असे मात्र मी म्हणणार नाही. त्या दोन सेकंदांच्या शांततेत त्यालाही काहीतरी वेगळे जाणवले होते, नाहीतर तो इतका वेळ थांबला नसता. त्याने निर्णय मान्य केला, पण पटवून घेतला नाही. बाईंना त्याने क्षमापत्र पाठवले, तेही ‘आपणास झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे’ अशा भाषेत. दोघेही अजून सर्व्हरवर आहेत. एका सीनमध्ये येत नाहीत, आणि आम्ही त्यांना तसे करायला सांगितलेले नाही.

नियमावली बदलताना टेबलावरच्या रोलप्ले खेळांतून दोन गोष्टी घेतल्या. एक म्हणजे जॉन स्टॅव्हरोपोलस यांचे एक्स कार्ड: टेबलावर फुली काढलेले एक कार्ड ठेवायचे, नको असलेली गोष्ट आली की कोणीही त्याला हात लावायचा, आणि कारण विचारायचे नाही. दुसरी, रॉन एडवर्ड्स यांची रेषा आणि पडदा ही जोडी: काही विषय रेषेपलीकडचे, ते कथेत येणारच नाहीत, काही पडद्याआडचे, ते घडले असे धरायचे पण दाखवायचे नाहीत. पण टेबलाशी चेहरे दिसतात. आमच्याकडे फक्त आवाज असतो, म्हणून खूण कानाला कळणारी हवी होती. इंग्रजी ‘स्टॉप’ दरोड्यात पोलीस ओरडतातच, ‘थांबा’ही तसेच. मी कॉलेजात असताना एकांकिकांच्या पडद्याची दोरी ओढायचे काम केले आहे. तिथला शब्द सुचला आणि एडवर्ड्स यांच्याशीही जुळला: ‘पडदा’.

कोणीही, कोणत्याही क्षणी ‘पडदा’ म्हटले की सीन जागच्या जागी थांबतो. बंदुका खाली येत नाहीत, फक्त माणसे थांबतात. कारण विचारायचे नाही. मग तीनपैकी एक वाट: तिथूनच पुढे चालू, किंवा उरलेले पडद्याआड घडले असे धरून निकालावर उडी, किंवा सीनच रद्द. सीन सोडून जाणाऱ्यावरची आपोआप बंदी काढली. आता नोंद होते आणि माणूस ती वाचतो. ओलीस धरण्याआधी खेळाडूने अर्जात भरलेल्या रेषा पाहणे बंधनकारक केले. घरच्यांचे आजारपण आणि मृत्यू ही बहुतेकांनी लिहिलेली रेषा आहे. जातीवरून शिवी आणि लैंगिक जबरदस्ती यांसाठी अर्ज पाहावा लागत नाही. त्या सर्वांसाठीच रेषेपलीकडे आहेत.

एक कलम मात्र खास मराठी आहे आणि त्याचे श्रेय बाईंचे. त्या म्हणाल्या की ‘अरे’ने सुरू केलेले वाक्य खरे मानले जाण्याची शक्यताच नव्हती, कारण गोदामात सगळेच अरे-तुरे चालले होते. तेव्हापासून पडदा पडला की सर्वांनी एकमेकांना अहो-जाहो करायचे, मग ते सख्खे मित्र का असेनात. एरंडवण्यातले दोन भाऊ आमच्याकडे खेळतात. त्यांना एकमेकांना ‘तुम्ही ठीक आहात ना?’ असे विचारताना ऐकणे ही सर्व्हरवरची आवडती करमणूक झाली आहे. पण कानाला फरक तत्क्षणी कळतो, आणि तो हवा तसा कळतो.

पडद्याचा गैरवापर होईल, अटक टाळायला लोक तो शब्द वापरतील, अशी भीती सर्वांत जास्त पोलिसांचे पात्र खेळणाऱ्यांना होती, आणि ती अनाठायी नव्हती. पहिल्या महिन्यात दोनदा तसे झाले असावे. कारण विचारायचे नाही म्हटल्यावर खात्री करण्याचा मार्ग आम्हीच बंद केला आहे. नोव्हेंबरात एका रात्री मंडईत एका खिसेकापूला हवालदाराने पकडले, बेडी काढली, आणि नेमक्या त्याच क्षणी खिसेकापू म्हणाला, ‘पडदा.’ हवालदार बेडी हातात धरून उभा राहिला. चहावाल्यांनी टपरीवरून त्याला चहा दिला. अकरा मिनिटांनी खिसेकापूचा माइक पुन्हा सुरू झाला, मागे लहान मूल रडत होते, ‘आलो हं, झोपतोय आता’ असे कोणाला तरी सांगणे ऐकू आले, आणि मग त्याने पात्राच्या आवाजात ‘घ्या साहेब’ म्हणत दोन्ही हात पुढे केले.